कल्याण राहिलं

मी तीस वर्षं लोकांना फिरवलं. १९८९ साली एका प्रवासी कंपनीत टूर मॅनेजर म्हणून लागलो आणि २०१९ साली थांबलो. या काळात काश्मीरला किती वेळा गेलो त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण ढगांमुळे कन्याकुमारीचा सूर्योदय किती वेळा दिसला नाही ते सांगू शकतो: एकोणीस वेळा. एकोणीसही वेळा प्रवाशांनी त्याचा दोष मला दिला आणि मी तो मनावर घेतला नाही. जे दोष खरोखर माझे होते, त्यांतले मोठे माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर घडले. त्यांपैकी पहिला एका बाईंनी माझ्या पदरात घातला, तोही दोनच शब्दांत.

मी डोंबिवलीचा. डोंबिवलीकराला कल्याणबद्दल मनातून काय वाटतं हे लिहायला जरा धीर लागतो. महापालिका एक, नाव जोडून घेतलेलं, पण आमच्याकडे फडके रोड आहे, दिवाळीची पहाट आहे, गुढीपाडव्याची शोभायात्रा आहे. कल्याणकडे काय आहे? जंक्शन आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे सहसा थांबत नाहीत. त्या पकडायला कल्याणला जायचं, त्यांतून उतरायलाही कल्याणलाच जायचं, एवढाच त्या गावाचा उपयोग. कल्याणकर आमच्याबद्दल काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

१९९६च्या डिसेंबरात खानदेशातल्या सव्वीस जणांची दक्षिण भारताची सहल माझ्याकडे आली. मंडळी जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी वाटेवरच्या स्टेशनांतून रात्रीच्या गाडीत चढली आणि सकाळी सातला कल्याणला उतरली. दक्षिणेची गाडी दुपारी साडेतीनला. मधे साडेआठ तास. मी सकाळच्या गर्दीच्या उलट दिशेने, चक्क बसून, डोंबिवलीहून आलो. सामान क्लोकरूममध्ये टाकलं, सगळ्यांना चहा-उपमा दिला आणि बायकांना त्यांच्या वेटिंग रूममध्ये, पुरुषांना त्यांच्या वेटिंग रूममध्ये बसवलं.

त्यांत एक निवृत्त परिचारिका होत्या. वय साठीच्या आसपास, एकट्याच आलेल्या. पहिल्या तासाभरातच सगळा ग्रुप त्यांना सिस्टर म्हणू लागला होता. त्या वेटिंग रूमच्या दारात आल्या.

‘भाऊ, गाडीला खूप वेळ आहे. इथे बघण्यासारखं काय आहे?’

‘इथे? इथे काही नाही हो सिस्टर. जंक्शन आहे.’

‘पण गाव असेल ना.’

‘गाव म्हणजे नुसती गर्दी. त्यापेक्षा पंख्याखाली बसा. पुढे कन्याकुमारीपर्यंत पाहायचंच आहे.’

त्या हसल्या आणि आत जाऊन बसल्या. आपण खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. कल्याण गावात मी तोवर तीनदा गेलो होतो. एकदा लग्नाला, एकदा कोर्टात आणि एकदा चुकून. एवढ्या अभ्यासावर मी ते गाव निकालात काढलं होतं. गाइड जेव्हा ‘तिथे काही नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘तिथे मी गेलो नाही’ असंच म्हणत असतो. पण ते ऐकणाऱ्याला कळत नाही आणि बऱ्याचदा गाइडलाही कळत नाही.

पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते. अकराच्या सुमारास सगळे स्थिरस्थावर झालेत असं पाहून मी घरी गेलो. ठाकुर्ली, मग डोंबिवली. बायकोने वालाचं बिरडं केलं होतं. जेवलो, तासभर झोपलो आणि पावणेतीनला ताजातवाना होऊन फलाटावर हजर झालो. सव्वीस जण जिथे ठेवले होते तिथेच होते. मला बरं वाटलं. टूर मॅनेजरचं समाधान गुराख्यासारखं असतं, मोजदाद जुळली की झालं.

सहाव्या दिवशी कन्याकुमारीला, शिळास्मारकाकडे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत, सिस्टर माझ्या पुढे उभ्या होत्या. रांग हलत नव्हती. त्यांनी सहज विचारलं, ‘भाऊ, तुम्ही तर कल्याणच्या जवळचेच. आनंदीबाईंचं घर पाहिलं असेल तुम्ही.’

‘कोणत्या आनंदीबाई?’ मी म्हटलं. आणि विनोद करायची सवय असल्यामुळे पुढे जोडलं, ‘ध चा मा करणाऱ्या?’

ग्रुपमधले दोघे-तिघे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. वॉर्डात नव्या मुलीला समजावून सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. कल्याणच्या जोश्यांची यमुना, १८६५चा जन्म. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, कल्याणच्या पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. औषधोपचार मिळाला असता तर वाचलं असतं, हे तिच्या मनात राहिलं. १८८३ साली एकटी बोटीने अमेरिकेला गेली. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाली. परत आली ती क्षय घेऊन, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. तेव्हा तिला बाविसावं चालू होतं. अस्थी अमेरिकेतल्या मैत्रिणीकडे गेल्या आणि त्या तिकडच्याच एका दफनभूमीत आहेत.

‘शाळेत त्यांच्यावर धडा होता,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मला नर्सिंगला पाठवायला घरात कोणी तयार नव्हतं. मी वडिलांना तो धडा वाचून दाखवला होता.’ मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, ‘आपण साडेआठ तास होतो कल्याणला.’

मी घरी जाऊन जेवून आलो होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

सहल संपताना आम्ही अभिप्रायाचे फॉर्म भरून घेत असू. सिस्टरनी लिहिलं होतं: ‘व्यवस्था उत्तम. जेवण चांगलं. कल्याण राहिलं.’ ऑफिसात साहेबांनी तो फॉर्म वाचला आणि विचारलं, ‘कल्याणला कोणी राहिलं होतं का रे?’ मी म्हटलं, ‘नाही साहेब, सव्वीसच्या सव्वीस आणले.’ फॉर्म मात्र फाइलमधून काढून मी घरी नेला. त्यावर सिस्टरचा पत्ता होता. एक पोस्टकार्ड टाकायचं असं त्याच दिवशी ठरवलं. ते अजून टाकायचंच आहे.

चूक उमगली की माणूस सुधारतो असं म्हणतात. मी दुसरी, मोठी चूक करायला मोकळा झालो.

१९९८च्या फेब्रुवारीत पुन्हा खानदेशचा ग्रुप, एकतीस जण, पुन्हा सकाळी सातला कल्याण आणि दुपारी तीन चाळीसची गाडी. या वेळी मी आधीपासून तयारीला लागलो होतो. मिनीबस ठरवली. ‘कल्याण-ठाणे दर्शन’ असा कागद टाइप करून त्याच्या एकतीस झेरॉक्स काढल्या. दुर्गाडी पंधरा मिनिटं, अंबरनाथचं शिवमंदिर वीस मिनिटं, उल्हासनगरचा बाजार तीस मिनिटं, ठाण्यात मिसळ, तलावपाळी, परत कल्याण. गळ्यात शिट्टीही अडकवली होती. कागदावर सगळं चपखल बसलं होतं. कागदावर शीळफाटा नसतो.

दुर्गाडीला पोचेपर्यंत बसमध्ये मी शिवाजी महाराजांचं आरमार एवढं मोठं करून सांगितलं की समोर टेकाड, देऊळ आणि बुरुजाचे अवशेष दिसल्यावर देवगिरी पाहिलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘हाच का किल्ला?’ मी घड्याळ दाखवून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. ज्या खाडीमुळे तो किल्ला तिथे आहे, तिच्याकडे पाहायला कागदात वेळच नव्हता.

अंबरनाथला मी आणखी पुढे गेलो. लहानपणी आजोबांबरोबर आलो होतो, तेव्हा ऐकलेलं होतं तेच आत्मविश्वासाने ठोकून दिलं: ‘हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं.’ ग्रुपमध्ये शिरपूरकडचे एक निवृत्त शिक्षक होते. ते आत जाऊन आले आणि चारचौघांत नव्हे, मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘साहेब, इथे शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांचा मम्वाणी राजा. पांडवांना एवढ्या लांब कशाला आणलंत?’ मला चारचौघांत झापलं असतं तर मी वाद घातला असता. बाजूला घेतल्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर संपूर्ण सहलभर मी कुठलीही माहिती सांगितली की लोक आधी त्यांच्याकडे बघत.

त्या देवळाचा गाभारा मंडपाच्या बराच खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं आणि खाली उभं राहून वर पाहिलं की छप्पर नाही, थेट आभाळ दिसतं. चाळीसगावच्या एक आजी, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या, एकेका पायरीवर थांबत खाली उतरल्या होत्या. त्या पिंडीपाशी पोचल्या, त्यांनी मान वर केली, आणि मी बाहेर शिट्टी वाजवली. वीस मिनिटं झाली होती. नातवाने त्यांना तशाच वर आणल्या. माझ्या तीस वर्षांतल्या शिट्ट्यांपैकी ही एक मला परत घ्यायला आवडली असती.

उल्हासनगरला तीस मिनिटांचा दीड तास झाला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर कसं उभं केलं, यावर माझं पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. पण ऐकायला कोणी उरलंच नाही, सगळे जीन्स घेत होते. आश्चर्य म्हणजे पुरुषच जास्त. शीळफाट्यावर पाऊण तास गेला. ठाण्यात मामलेदारची मिसळ खाताना भल्याभल्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. आमच्या मंडळींनी ती शांतपणे संपवली आणि विचारलं, ‘भाऊ, तिखट वेगळं मिळतं का?’ ठाण्याचा किल्ला मी बसच्या खिडकीतून दाखवला, कारण तिथे आता तुरुंग आहे. माझा ठरलेला विनोदही केला की हा किल्ला आतून पाहायचा तर आधी गुन्हा करावा लागेल. १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले, हेही सांगितलं. त्रिंबकजींना ठाण्यातून निसटणं जमलं. आम्हाला जमलं नाही.

सकाळी शीळफाट्याने फसवलं म्हणून परतीला मी बस भिवंडीच्या रस्त्याने घातली. कशेळीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. दोन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही जिथे उभे होतो, तीन वाजून दहा मिनिटांनीही तिथेच होतो. ठाणे ते कल्याण जलद लोकलला तेव्हाही अर्धा तास पुरत नव्हता असं नाही. सगळं आयुष्य लोकलला लोंबकळून काढलेला मी, एकतीस जणांना घेऊन मिनीबसमध्ये घाम पुसत बसलो होतो, कारण कागदावर ‘दर्शन’ असं लिहिलं होतं आणि दर्शन बसनेच असतं. सामान कल्याणच्या क्लोकरूममध्ये होतं, त्यामुळे ठाण्याहून परस्पर गाडी पकडण्याचाही प्रश्न नव्हता.

चार वीसला कल्याणला पोचलो. गाडी वेळेवर गेली होती. एरवी उशिरा येणाऱ्या गाड्या अशा दिवशी वेळेवरच जातात.

ती रात्र मंडळींनी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काढली. पुढच्या दोन दिवसांत त्यांना तीन वेगवेगळ्या गाड्यांत कोंबून पाठवलं. तिरुपतीचं दर्शन हुकलं. त्यात एका जोडप्याचा नवस होता. ते माझ्याशी एक शब्दही वाईट बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. कंपनीने झालेला खर्च अकरा महिन्यांत माझ्या पगारातून कापला. योग्यच केलं. पहिल्या वेळी मी लोकांना गाव दाखवलं नव्हतं, दुसऱ्या वेळी दाखवताना गाव आणि गाडी दोन्ही घालवली होती.

त्यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे घाबरलो. तेरा वर्षं कल्याणला एकाही प्रवाशाला फलाटाबाहेर नेलं नाही. कोणी विचारलंच तर ‘गाडीची वेळ सांगता येत नाही’ असं म्हणायचो. ‘काही नाही’ म्हणणं बंद केलं होतं, एवढीच काय ती प्रगती.

२०११ साली बावीस जणांना घेऊन मी श्रीलंकेला गेलो. शेवटच्या दिवशी विमान रात्री उशिरा होतं, म्हणून सकाळीच विमानतळाजवळच्या निगोंबो गावात हॉटेल दिलं होतं. आख्खा दिवस मोकळा. मी तिथल्या स्थानिक गाइडला विचारलं, ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’

तो म्हणाला, ‘इथे काही नाही सर. लोक इथे फक्त विमानासाठी थांबतात. पंखा लावून झोपा.’

वाक्य ओळखीचं होतं. भाषा तेवढी त्याची होती.

जेवण झाल्यावर मी एकटाच बाहेर पडलो. हवा आपल्या मे महिन्यासारखी चिकट. डच लोकांनी खणलेला कालवा गावातून जात होता, त्यात रंगवलेल्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. समुद्रावर आपल्या उत्तनला घालतात तशी मासळी वाळत घातलेली, तोच वास, तेच कावळे. चर्चमधून बायका बाहेर पडत होत्या. चालत चालत जुन्या डच किल्ल्याच्या कमानीपाशी आलो, तर आत तुरुंग. ठाण्यासारखाच. मी त्या कमानीसमोर एकटाच हसलो. पहारेकऱ्याला ते आवडलं नाही.

संध्याकाळी पाचला गाइड आला. केस विंचरलेले, शर्ट बदललेला, तोंडात बडीशेप. मी विचारलं, ‘घर कुठे तुझं?’

‘इथेच सर, दहा मिनिटांवर.’

पुढचं मी विचारलं नाही. त्याच्या बायकोने काय केलं असेल एवढाच प्रश्न उरला होता, आणि वालाचं बिरडं नसणार हे उघड होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशीही मी बावीस जणांना हॉटेलात झोपवून एकटाच फिरून आलो होतो. परतल्यावर कोणी विचारलं, ‘काही होतं का बाहेर?’ तर माझ्या तोंडून निघालं, ‘तसं काही नाही, एक कालवा आहे.’ सवय जायला वेळ लागतो.

पण डोंबिवलीला परतल्यावर सुट्टीच्या दिवशी मी कल्याणला जाऊ लागलो. पाहुणा म्हणून. शाळा-नोकरी-लग्न यांपैकी कुठलंच काम नसताना शेजारच्या गावात जाणं हे किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. रिक्षावाला विचारतो ‘कुठे?’ आणि आपल्याला उत्तर येत नाही. शेवटी मी सार्वजनिक वाचनालय सांगितलं. ते १८६४ सालचं, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माआधीच्या वर्षीचं. तिथे आणि पुढे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मी दोन वर्षं रविवार घालवले. जे काम १९८९ साली करायला हवं होतं, ते निवृत्ती जवळ आल्यावर केलं.

त्यात माझ्या धंद्याचंच एक दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक सापडलं. ‘पेरिप्लस’, म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांसाठी कोणीतरी लिहिलेली समुद्रप्रवासाची वाटाड्या-वही. कुठल्या बंदरावर काय मिळतं, कुठे धोका आहे, अशी. त्यात कल्याण आहे, ‘कॅलिएना’ या नावाने. पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण राज्य बदलल्यापासून तिथे अडचण आहे, आणि एखादं ग्रीक जहाज चुकून आलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, असं त्यात लिहिलंय. वाचून मला जरा हलकं वाटलं. कल्याणला आलेल्या माणसाला उतरू न देता पुढे धाडायचा उद्योग मी सुरू केलेला नव्हता.

गावाचं जंक्शनपणही मी समजत होतो तेवढं नवं नव्हतं. जहाजातला माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नर-पैठणकडे जायचा. ज्यांचा धंदा चालला त्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दानं दिली, ती नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. बोरीबंदरहून निघालेली आगगाडी १६ एप्रिल १८५३ला ठाण्याला आली आणि १ मे १८५४ला कल्याणला. मग तिथून एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे, दोन्ही घाट चढायला निघाले. लोक इथे दोन हजार वर्षं गाडी बदलतायत. मी जंक्शन हा शब्द तुच्छतेने उच्चारत होतो, आणि ते या गावाचं सगळ्यांत जुनं काम होतं.

दुर्गाडीचंही तसंच. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर या खाडीत महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले होते, ते मधेच काम टाकून निघून गेले. घराचं बांधकाम केलेल्या कुठल्याही डोंबिवलीकराला ही गोष्ट सांगितली की तो लगेच महाराजांच्या जवळ जातो. किल्ला पाहायला गेलात तर टेकाड दिसतं. खाडीकडे तोंड करून अर्धा तास बसलात तर भरतीचं पाणी चढताना दिसतं, आणि इथेच का, हे कोणी न सांगता समजतं. पंधरा मिनिटांत भरती चढत नाही.

आनंदीबाईंचं घर मी शोधलं. तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन गल्ल्या दाखवल्या, तिघांनाही खात्री होती. पांडवांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी त्यांतली एकही गल्ली खरी धरली नाही.

माझ्या शेवटच्या वर्षात, २०१९च्या जानेवारीत, हंपी-बदामीच्या सहलीचे सतरा जण सकाळी कल्याणला उतरले. चार तास होते. मी कागद केला नव्हता. शिट्टी घरी होती. सामान ठेवलं आणि म्हटलं, ‘ज्यांना बसायचं त्यांनी खुशाल बसा. ज्यांना यायचं त्यांना घेऊन मी गावात एक चक्कर मारून खाडीवर जाणार आहे. बाकी काही दाखवणार नाही.’ अकरा जण आले. जुन्या गावातून चाललो. खिडकी वडा खाल्ला. घराच्या खिडकीतून विकायचे म्हणून त्याला ते नाव पडलं, एवढी माहिती सांगितली आणि ती कोणी तपासून पाहिली नाही. एका वळणावर थांबून आनंदीबाईंबद्दल सांगितलं. घर कुठलं ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. आणि मग, कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते, कन्याकुमारीच्या रांगेतल्या सिस्टरबद्दल सांगितलं, बिरड्यासकट. दोघी-तिघी हसल्या. एक मुलगी, फार्मसी शिकणारी, हसली नाही. तिने मोबाइलवर त्या वळणाचा फोटो काढला. त्यात एक भिंत आणि एक स्कूटर होती.

खाडीवर बसलो होतो तेव्हा धुळ्याचा एक तरुण, आईला घेऊन आलेला, म्हणाला, ‘काका, इथे जवळच अंबरनाथचं देऊळ आहे ना? जाऊन येऊ, अजून दीड तास आहे.’

‘नाही होणार,’ मी म्हटलं.

‘रिक्षाने पटकन...’

‘पटकन होतं. तुमच्या आईला पायऱ्या पटकन उतरता येणार नाहीत.’

तो गप्प बसला. त्याला ते पटलं नाही हे दिसत होतं. सहलीच्या शेवटी त्याने फॉर्मवर लिहिलं: ‘सर्व छान. अंबरनाथ राहिलं.’ तो फॉर्मही मी घरी आणला आणि बावीस वर्षं जुन्या फॉर्मला टाचणीने जोडून ठेवला.

जूनमध्ये त्याचा फोन आला. मी तोवर निवृत्त झालो होतो. आईला मुंबईत डॉक्टरांना दाखवायचं होतं, परतताना एक आख्खा दिवस हाताशी होता.

‘काका, अंबरनाथला कसं जायचं?’

मी सांगितलं. कल्याणला उतरायचं, तिथून कर्जतकडची लोकल घ्यायची. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग अंबरनाथ. शेजारच्या वालधुनीच्या पाण्याला वास येईल, तिकडे लक्ष देऊ नका. देऊळ शके ९८२चं आहे. गाभाऱ्यात उतरताना आईचा हात धरा आणि खाली गेल्यावर त्यांना वर बघायला सांगा. हवं तितका वेळ बघू द्या.

‘बरं. आणखी काही?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘बसने येऊ नका.’